फौजदार ताईचं "काही नसेल गं"

आमची ताई दवाखान्यात नर्स आहे आणि तिथे तिला सगळे फौजदार म्हणतात. तोंडावर नाही, एवढी कुणाची बिशाद! पण स्तनात गाठ लागली म्हणून घाबरलेली बाई आली, की हीच फौजदार दार लावते, सोबतच्या नवऱ्याला केसपेपर काढायला पिटाळते आणि बाईच्या शेजारी बसते. कधी जाणवली, दुखते का, वरची कातडी ओढल्यासारखी झालीय का, सगळं हळू आवाजात विचारते. एकदा एक नवी नर्स कुणाला तरी "काही नसेल हो" म्हणाली, तर ताईने तिची अशी बिनपाण्याने हजामत केली की पोरगी रडायचीच बाकी होती. "बहुतेक गाठी साध्याच असतात, खरंय. पण ही साधी का, ते तपासल्यावर बोलायचं. तुझ्या शब्दावर ती घरी बसली तर?" हे मला ताईनेच फुशारकीने सांगितलेलं.

मग माझी पाळी आली. अंघोळ करताना डाव्या स्तनात वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागलं. संध्याकाळी ताई आली, आम्ही शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा सांगून टाकलं. तिचे हात थांबले. "काही नसेल गं," म्हणाली आणि पुन्हा सोलायला लागली.

माझा जीव भांड्यात पडला. साक्षात फौजदारच म्हणतेय म्हटल्यावर काय! मी ढाराढूर झोपले.

सकाळी उजाडत नाही तोच दारावर थापा. ताईच. डोळे सुजलेले, केस विंचरायचा पत्ता नाही. "चल. काल मी बहीण म्हणून बोलले. चुकले."

दवाखान्यात तिने मला स्वतः तपासलं नाही. "माझे हात आज धड नाहीत," म्हणत त्याच नव्या नर्सला बोलावलं. पोरीने दार लावलं, माझ्या शेजारी बसली, हळू आवाजात एकेक विचारलं. आणि केसपेपर काढायला पिटाळलं कुणाला? ताईला! गेली बापडी मुकाट्याने.

सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा काढला. रिपोर्टच्या दिवशी ताई माझा हात घट्ट धरून बसली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॅन्सर आहे, पण लहान आहे, लवकर आलात. सगळा राग ताईवर निघाला. "आणि तुझं ऐकून मी घरीच बसले असते तर?"

फौजदार सगळ्यांदेखत हुंदके द्यायला लागली. शेवटी मीच पदराने तिचे डोळे पुसले. "गप की आता," म्हटलं, "ऑपरेशन माझं आहे."