आत्याबाईंनी मिश्री सोडली

आत्याबाईंच्या उजव्या हाताचं पहिलं बोट कायम तपकिरी असायचं. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेल्या तंबाखूची मिश्री त्या दिवसातून पाच-सहा वेळा हिरड्यांना लावत. डॉक्टर रागावले, मुलांनी डबी लपवून पाहिली, आत्याबाई ढिम्म. "दात गेले माझे, मिश्री नाय गेली," असं वर हसून सांगत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

मी औरंगाबादेत कॉलेज शिकून लग्नानंतर करमाडला आले. रेशमाचे किडे पाळायचं वेड माझंच. मामंजींनी कापसाचं एकरभर रान तुतीला दिलं, पण बजावून, "एकच बॅच. फसली की तुती उपटायची." आत्याबाईंनीही कपाळाला हात लावला. "बापानं किडं पोसायला शिकवलं का गं तुला?" मग कोष कसा होतो ते मी सांगू लागले, तर त्यांनी मलाच थांबवलं. बांधावरच्या बाभळीकडे बोट करून म्हणाल्या, "ती मोळीवाली करती तसंच की!" काड्यांचे तुकडे रेशमानं सांधून, ते घर अंगावर घेऊनच फिरणारी अळी मी फक्त पुस्तकात पाहिली होती. आत्याबाई तिला लहानपणापासून ओळखत होत्या. त्या दिवसापासून त्या माझ्या बाजूच्या झाल्या.

किड्यांना धूर, वास, फवारणी काहीच खपत नाही, आणि तंबाखू तर विषच. म्हणून आत्याबाई किड्यांच्या शेडच्या जाळीबाहेर पोतं टाकून बसत आणि ऐकत. मोठे झालेले किडे पाला खातात तेव्हा पत्र्यावर पावसाची भुरभुर पडावी तसा आवाज येतो. तो मंदावला की हाक यायचीच, "अगं, भुकेजलीत लेकरं. फांद्या टाक."

पहिल्याच बॅचला मला ताप भरला आणि एका पहाटे जागच आली नाही. शेड गप्प झालेलं आत्याबाईंना ऐकवेना. साबणानं हात धुऊन त्या आत गेल्या आणि दोन रॅकांवर पाला पसरून आल्या. मी उठून पोचले तेव्हा तिथले किडे माना वर करून हिरवं पाणी ओकत होते. "हात धुतले व्हते गं मी," त्या म्हणाल्या. मला तर तुती उपटलेलीच दिसायला लागली होती. "तुमच्या मिश्रीनं मारलं त्यांना," मी सगळ्यांदेखत बोलून गेले. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

त्याच दुपारी त्यांनी डबी माझ्या हातात ठेवली. "ठिव तुझ्यापाशी. मी मागितली तरी दिऊ नको." पुढचे आठ दिवस त्यांचं डोकं दुखत होतं, त्या घरभर करवादत होत्या, लवंगा चघळत होत्या. डबी मात्र मागितली नाही.

बाकीचे रॅक तगले. किडे पाला सोडून चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर चढले, तेव्हा मी आत्याबाईंना हात धरून आत नेलं. एक किडा इंग्रजी आठासारखं डोकं फिरवत तोंडातून न तुटणारा धागा ओढत होता. त्या बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. "घर लिंपायलंय, पण आतून. मग यानं भायेर कसं यायचं गं?" धागा सोडवायला कोष किड्यासकट उकळत्या पाण्यात जातात हे मला माहीत होतं. मला सांगवलं नाही.

तुती राहिली. त्यानंतर कितीतरी बॅचा झाल्या, आणि पहाटेची पहिली फांदी आत्याबाईच टाकत.

शेवटच्या आजारात त्यांनी खाट शेडच्या जाळीलगत टाकायला लावली. एके दिवशी हळूच म्हणाल्या, "चिमूटभर लाव गं." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी डबी घेऊन आले. "लावते. किडे चढले सगळे, कोष झाले."

त्यांनी डोळे मिटून कान दिला. मग माझा हात बाजूला सारला. "खोटं बोलायलीस. खायलेत आजून. तुझा हात माझ्या तोंडाला लागंल अन् तसाच तिकडं जाईल." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी गेले तरी त्यांला उपाशी ठिवू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. अंगणात त्यांना न्यायची तयारी चालली होती आणि मी उदबत्तीचा धूर जाऊ नये म्हणून शेडचे पडदे सोडून आत फांद्या टाकत होते. "सासू दारात अन् हिला किडं सुचायलेत," कुणी बाई बोललीच. माझ्या नवऱ्यानं तिला सांगितलं, "टाकू द्या तिला. आईनंच सांगितलंय."

तिसऱ्या दिवशी किडे चढले. भुरभुर थांबली. हातात डबी घेऊन मी त्या रिकाम्या खाटेवर बसले आणि पोटभर रडले.

डबी अजून माझ्याकडे आहे, घरातल्या फळीवर. शेडमध्ये तिला कधी नेत नाही. आत्याबाईंना चाललं नसतं.