बॅनरवरचा गोल

मित्र पोलीस भरतीत लागला त्या दिवशी मी त्याला मिठी मारली. पहाटे शाळेच्या मैदानावर आम्ही दोघं बरोबरच धावायचो. तो लागला. मी गोळाफेकीत मागे पडलो आणि आता कॉलेजात जातो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, पण त्या आठवड्यात गावात माझ्या कॉलेजाचं कुणाला काही नव्हतं.

"तुले कॉम्प्युटर येते ना?" त्याचे वडील म्हणाले. "मंग त्याच्या अभिनंदनाचं बॅनर तूच बनव, बेटा."

नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

वर्दीतला फोटो अजून नव्हता. एकच फोटो बरा होता, धावून झाल्यावरचा. त्यात माझा हात त्याच्या खांद्यावर. कॉलेजच्या लॅबमध्ये, फुकटच्या सॉफ्टवेअरात, मी त्याच्या चेहऱ्याभोवती गोल आखला. त्याला मास्क म्हणतात. फोटो कापला जात नाही, गोलाबाहेरचं फक्त झाकलं जातं. मी झाकला गेलो. पीडीएफ मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिली. नीट होती.

कारंजाला फ्लेक्सच्या दुकानात ऑपरेटरने ती उघडली, तर गोल नाहीसाच. शुभेच्छुकांच्या नावांवर अख्खा चौकोनी फोटो पसरलेला, आणि त्यात दात काढून उभा मी.

"हे कोन हाय, भाऊ?"

"मीच."

"दोघंही लागले काय?"

"नाही." मी मोबाइल पुढे केला. "यात तं बरोबर दिसते."

"मोबाइलवर दिसीन. तुमच्या सॉफ्टवेअरचा मास्क आमच्यात कधी उतरते, कधी नाही उतरत. काही नेम नाही त्याचा. तुमाले काढू का राहू देऊ?"

गमतीनेच विचारत असावा. मला मात्र क्षणभर खरंच वाटलं, राहू दे. बसस्टँडवर आठवडाभर मीही, त्याच्याएवढाच मोठा.

"काढा," मी म्हणालो.

त्याने आपल्या सॉफ्टवेअरात नवा गोल आखून फोटो त्यात बसवला. हा गोल माझ्या गोलापेक्षा थोडा मोठा होता. मित्राच्या खांद्यावर माझी चार बोटं राहिली.

"ओके?"

मला बोटं दिसत होती. मी "ओके" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बॅनर लागलं. लोक मित्राला त्याखाली उभं करून पेढे भरवत होते. गर्दी ओसरल्यावर त्याने वर पाहिलं.

"तुहा हात राह्यला बे वर."

"सॉफ्टवेअरचा घोळ हाय."

"मंग अख्खाच राहू द्याचा होता. काहून काढलं?"

तो मनापासून बोलत होता, आणि तेच मला सोसेना. भरतीत तो लागला, हे मी एक वेळ गिळलं असतं. पण असं सहज बोलणंही त्यालाच जमावं? मला ते कधी सुचलं असतं की नाही, कोण जाणे.

त्याने उरलेला पेढा माझ्यापुढे धरला. मी तो खाल्ला, आणि बॅनरकडे न बघता घरी आलो.