फाटक गेलं आणि मेहुणा आला

रेल्वे फाटकाजवळच्या सलूनवाल्याला सगळे अर्धेराव म्हणत, आणि ते नाव त्याने स्वतःच्या हाताने कमावलं होतं. मालगाडीसाठी फाटक पडलं की खोळंबलेली माणसं वेळ काढायला त्याच्या खुर्चीत येऊन टेकत. अर्धेराव फेस फासून एक गाल झटक्यात साफ करी आणि मग निवांत वस्तरा पुसत गप्पांना बसे. फाटक उघडो, मागच्या गाड्या हॉर्न वाजवून बोंबलोत, गिऱ्हाईक जातंय कुठे? अर्धी दाढी घेऊन साहेबासमोर कोण उभं राहतं?

रुळांपलीकडे त्याच्या बायकोच्या थोरल्या भावाचं सलून होतं. दोघांत कधी वाकडं आलं नाही, कारण मध्ये फाटक होतं. अलीकडची डोकी याची, पलीकडची त्याची. नुसते केस कापायला फाटकावर तिष्ठायची हौस कोणाला?

मग मालगाड्या बंद झाल्या. रूळ उखडले गेले आणि तिथे चालायला, सायकली चालवायला झकास वाट झाली. दोन्हीकडे झाडं, मध्ये गुळगुळीत रस्ता. फाटक नाही म्हणून खोळंबा नाही, आणि खोळंबा नाही म्हणून अर्धेरावाच्या खुर्चीत माशीसुद्धा बसेना. लोक रमतगमत जात, दोन्ही दुकानांत डोकावत, आणि मान कुठे जास्त वेळ चोळून मिळते ते बघून आत शिरत.

अर्धेरावाने दारात सायकलीत हवा भरायचा पंप ठेवला. मेहुण्याने थंड पाण्याचं पिंप ठेवलं. याने बाक टाकला, त्याने बाकावर गादी टाकली. लोक इकडे हवा भरत, तिकडे पाणी पीत, गादीवर पाय पसरत आणि दाढी घरी करत.

एका रविवारी जेवताना मेहुण्याच्या आवाजात साखर पडली. "दाजी, या वयात एवढी दगदग कशाला? टाका दुकान बंद करून. माझ्याकडे एक खुर्ची रिकामीच असते."

अर्धेरावाचा घास घशात अडकला. मेहुण्याच्या हाताखाली? त्याने झाड म्हटलं की आपण झाडायचं?

"अहो, पाणी प्या," बायको म्हणाली. मग भावाकडे वळून, "आणि दादा, तू तोंड जेवायला वापर."

आता एकच आशा उरली होती. वाटेच्या मधोमध गेटमनची जुनी खोली होती आणि वाटेची देखभाल करणारी समिती ती एका सलूनला देणार होती. खोली मिळाली तर सगळी वर्दळ अर्धेरावाच्या दारात. नाही मिळाली तर मेहुण्याचा झाडू.

समितीचे सेक्रेटरी घरात मीठ मागतानाही ठराव वाचल्यासारखे बोलत. "उभय अर्जदार तुल्यबळ असल्याकारणाने," ते म्हणाले, "एक गाल यांनी करावा, एक गाल त्यांनी. निर्णय आमच्या सौभाग्यवती हात फिरवून देतील."

वाटेवरच खुर्ची मांडली आणि सेक्रेटरी स्वतः तीत बसले. फिरायला निघालेले थबकले, सायकली आडव्या झाल्या. डावा गाल अर्धेरावाचा, उजवा मेहुण्याचा. बाईंनी दोन्हीकडे हात फिरवला. "दोन्ही लोणी. आता मिशी करा. तीही अर्धी अर्धी."

सेक्रेटरींची मिशी म्हणजे कपाटामागचा कचरा काढायचा ब्रशच. कात्र्या चालल्या.

"दाजी, तुमची बाजू जरा लांब दिसते हो."

"लांब नाही मेहुणे, तुमची आखूड झालीये."

कच.

"आता तुमची आखूड दिसते."

"मग तुम्ही घ्या ना थोडी."

कच. कच.

"उभय अर्जदारांनी..." सेक्रेटरी पुटपुटले.

"बोलू नका साहेब, ओठ हलतो."

बघता बघता मेहुण्याची बाजू सफाचट झाली. अर्धेरावाकडे एक झुपका शिल्लक होता. तो तसाच ठेवून बाजूला झाला असता, तर कोणी हात सैल सोडला ते जगाला दिसलं असतं आणि खोली खिशात. मेहुण्याचा चेहरा पडला. अर्धेरावाने गर्दीत उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडे पाहिलं. ती भावाकडे पाहत होती.

कच.

सेक्रेटरींनी ओठावर हात नेला आणि तिथेच ठेवला. "हे काय?"

"समतोल, साहेब," अर्धेराव म्हणाला.

बाई हसून हसून बाकावर बसल्या. "लग्नापासून सांगतेय, काढा तो ब्रश. आज मुहूर्त लागला." डोळे पुसून त्यांनी निकाल दिला. "खोली दोघांना. एकालाच दिली तर दुसरा उद्या यांच्या भुवया काढेल."

मेहुण्याने घसा साफ केला. "दाजी, चालेल?"

"हाताखाली नाही."

"शेजारी."

"शेजारी असेल तर चालेल."

खोलीत दोन खुर्च्या लागल्या. साऱ्या वाटेवर आता दुसरं सलूनच उरलं नाही, आणि पहिल्याच आठवड्यात दाढीचा दर वाढला.

"सदर दरवाढ कोणाच्या संमतीने?" सेक्रेटरींनी दारातूनच विचारलं.

अर्धेरावाने मेहुण्याकडे बोट दाखवलं, मेहुण्याने अर्धेरावाकडे. सेक्रेटरींनी वाटेवर एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे.

"बसा साहेब," दोघे एका सुरात म्हणाले.

ते बसले.