कुंडीतलं हिरवं पान

आत्या बिस्किटांच्या कारखान्यात लेबलं तपासते. पट्ट्यावरून पाकिटं सरकत येतात. लेबल जरा तिरकं दिसलं की पाकीट लाल ट्रेमध्ये. अकरा वर्षांत एकही सुटलेलं नाही. घरी तर भिंतीवरच्या फोटोंनाही तिचा धाक आहे.

लेबलावर हिरवं पान असतं. खाली लिहिलेलं असतं, ‘पाकीट मातीत मिसळून जातं’. आपल्या हाताखालून गेलेलं लेबल खोटं कसं असेल? रिकामी पाकिटं आत्या गच्चीवरच्या कुंड्यांत पुरायची. इमारतीतल्या बायकांनाही तिनेच ही सवय लावली.

गेल्या रविवारी लिंबाचं झाड वाळायला लागलं म्हणून तिने कुंडी उपडी केली. मी शेजारीच होते. ढेकळातून एक पाकीट निघालं. मग दुसरं. मग एकमेकांना चिकटलेली सात. मुळं त्यांना वळसा घालून कडेला दाटली होती. आत्याने एक पाकीट नळाखाली धरलं. पान पहिल्या दिवसाइतकं हिरवं होतं.

तिने ते माझ्यापुढे धरलं.

“कधीचं आहे गं?”

मी तारीख वाचली. “चार वर्षांपूर्वीचं.”

“तू यातलंच शिकलीयस ना? माझं काही चुकलं का? पाणी कमी पडलं?”

प्लास्टिकवर मी दोन वर्षं अभ्यास केला, पण घरातलं पाकीट कधी उलटं करून पाहिलं नव्हतं. शिवणीखाली मुंगीएवढ्या अक्षरांत होतं: ‘फक्त खतप्रकल्पात, साठ अंशांच्या वर.’

“कुंडीत नाही मिसळत, आत्या. आणि तसा प्रकल्प आपल्या शहरात नाहीच.”

तिने पाकीट माझ्या हातून घेतलं. “वरच्या मजल्यावरच्या वहिनीचा गुलाब गेला, तेव्हा मी तिलाच बोलले. तुझ्या हातालाच गुण नाही म्हणाले.”

सोमवारी तिने पट्ट्यावरचं प्रत्येक पाकीट लाल ट्रेमध्ये टाकलं. सुपरवायझर धावत आला.

“मावशी, चष्मा विसरलात काय? लेबलं ठीक आहेत की.”

तिने पिशवीतून मातकट पाकीट काढून त्याच्यासमोर ठेवलं. “चार वर्षं पुरलेलं होतं. वाचा काय लिहिलंय.”

त्याने वाचलं. “ते वरचे ठरवतात. तुम्ही फक्त तिरकं बघायचं.”

“अकरा वर्षं तेवढंच बघितलं.”

त्याने तिला घरी पाठवलं; पुढचं साहेब कळवणार होते. आत्या आली ती घरात न शिरता खुरपं घेऊन थेट वर गेली. वहिनीने दार उघडलं.

“कुंड्या उपड्या करायच्यात,” आत्या म्हणाली. “आधी तुझी.”