मामांची खोली आणि काउंटीचं पाकीट

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या मामांचे. तालुक्याच्या नगरपालिकेत, घरपट्टी विभागात ते शिपाई होते. स्वतः आयुष्यभर भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले आणि लोकांना त्यांच्या घरांच्या नोटिसा वाटत फिरले. त्या पगारातून त्यांनी मला इंजिनिअर केलं. आमच्यात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं.

नोटीस नुसती हातात देऊन ते पुढे जात नसत. ज्याला वाचता येत नाही त्याला ओट्यावर बसून वाचून दाखवत आणि शेवटी सांगत, "हे बिल नाही, बरं का. तुमच्या घराची किंमत किती धरलीय, एवढंच यात आहे. जास्त वाटली तर आत्ताच हरकत घ्या. बिल आल्यावर कुणी ऐकत नाही." जेवतानाही हेच चालायचं. मामी म्हणायची, "भात वाढू, की त्यालाही हरकत आहे?"

अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटात मी हे घर घेतलं ते खालच्या मजल्यावरची एक खोली बघून. मामांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. मामी गेल्यापासून ते एकटे होते. दिवाळीनंतर सहा महिन्यांसाठी त्यांनी आमच्याकडे यायचं ठरलं, व्हिसा मिळाला, तिकीट काढलं. खोलीला लागून असलेल्या बाथरूममध्ये मी स्वतः स्टीलचा दांडा बसवला, त्यांना धरायला.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्हा कार्यालयाचं, पाकीट आलं. वरच ठळक अक्षरांत छापलं होतं की हे घराच्या टॅक्सचं बिल नाही, पैसे पाठवू नका. मी पैसे पाठवले नाहीत. टॅक्स बँक भरते आणि कर्जाच्या दर महिन्याच्या हप्त्यातून तो कापून घेते, एवढं मला ठाऊक होतं. कागद ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. आत घराची किंमत बरीच वाढवून धरली होती आणि अपील करायला पंचेचाळीस दिवस होते. ते मी वाचलंच नाही.

पानगळीत बँकेचं पत्र आलं. टॅक्स वाढला म्हणून हप्ता वाढला, शिवाय बँकेने जो जादा टॅक्स आधीच भरला होता त्याची तूटही त्यातच. तोवर बायकोची नोकरी गेली होती. शेजारच्या निवृत्त डॉक्टर काकांना विचारलं, "तुमचाही वाढला का?"

"छे रे. मी अपील केलं. आसपासची तीन घरं कितीला विकली गेली ते जोडलं, त्यांनी किंमत उतरवली. तू नाही केलंस?"

"वर लिहिलं होतं, बिल नाही. म्हणून ठेवून दिलं."

"इंजिनिअर ना रे तू? पान उलटायला वेगळी डिग्री लागते का?" काका हसले.

काउंटीच्या ऑफिसातली बाई सभ्यपणे म्हणाली, मुदत संपली, आता पुढच्या वर्षी.

आम्ही खालची खोली भाड्याने दिली. भाडेकरू शांत आहे. त्या दांड्यावर टॉवेल वाळत घालतो. मामांचं तिकीट रद्द केलं. त्यांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून मामेबहिणीला सांगितलं की ऑफिसात गडबड आहे, पुढे बघू. ते खोटं मला महिनाभरही पेललं नाही. शेवटी पत्र पाठवलं.

ती. मामांस शिरसाष्टांग नमस्कार.

ताईला मी ऑफिसचं कारण सांगितलं, ते खरं नव्हतं. मला घराच्या किमतीची नोटीस आली होती. तुम्ही सगळ्या गावाला ओट्यावर बसून जे समजावलंत ते मी विसरलो आणि हरकतीची मुदत गेली. हप्ता वाढला, म्हणून तुमच्यासाठी ठेवलेली खोली भाड्याने द्यावी लागली. पुढच्या नोटिशीला हरकत घेईन. पण ते ऐकतील का, आणि तोवर तुमचे गुडघे एवढ्या प्रवासाचे राहतील का, मला माहीत नाही. ताई म्हणाली, तुम्ही बॅग भरून दाराशी ठेवली होती. ती तशीच राहू द्या असं लिहायचा धीर मला होत नाही.

तुमचा भाचा