चादरीखालचे हात

परवा एका सत्कारात मला सोलापुरी चादर मिळाली. ती देणाऱ्या दात्याचं नाव सूत्रसंचालकाने माझ्या नावापेक्षा जास्त वेळा घेतलं. घरी येऊन घडी उलगडली, खळीचा वास आला आणि मी थेट आमच्या जुन्या गल्लीत, लक्ष्मीबाईंच्या दारात जाऊन पोचलो.

त्यांचे यजमान मागावर काम करायचे. एके दिवशी सकाळी ते वारले, तेव्हा घरात अंत्यविधीपुरतेही पैसे नव्हते, आणि लक्ष्मीबाई कुणाची मदत घ्यायला तयार नव्हत्या. "त्येंनी कुणाचं फुकट खाल्लं न्हाय. आता जाताना कशाला?"

मग मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या शेजारच्या राजम्मांनी गल्लीच्या रीतीप्रमाणे टोपलीवर कोरी चादर पसरली. प्रत्येकाने मूठ झाकून हात चादरीखाली घालायचा आणि मोकळा करून काढायचा. कुणी काय टाकलं, टाकलं की नाही, ते दिसत नसे. कारखान्याचे मालक मात्र नोट उंच धरून आले.

"मालक, मूठ झाका की! नोटेला ऊन दाखवायला आणलंय व्हय?" राजम्मा म्हणाल्या.

मालकांनी मूठ वळून हात चादरीखाली घातला. शेवटी राजम्मांनी टोपली लक्ष्मीबाईंपुढे ठेवली.

"आता तू घाल हात."

"माझ्याकडं काय हाय?"

"मी इचारलं का?"

तेव्हा मला तो नुसता उपचार वाटला होता. राजम्मांनी त्यांना घेणाऱ्यांतून उठवून देणाऱ्यांत बसवलं, हे कळायला माझे केस पिकावे लागले. लक्ष्मीबाईंनी मूठ वळून हात चादरीखाली घातला, बाहेर काढला आणि पदराने डोळे पुसले.

"चला," त्या म्हणाल्या, "लाकडं आणा."