दगड आणि वारा

माझे सासरे किल्लेवाले. काही माणसं पथ्यवाली असतात, काही पेपरातलं कोडं सोडवणारी असतात, तसे हे किल्लेवाले. दर रविवारी पहाटे कॅनव्हासचे बूट चढवून मित्रांबरोबर सह्याद्रीत गडप व्हायचे आणि रात्री कोपरं खरचटवून, आवाज चढवून घरी यायचे. बँकेतली नोकरी त्यांनी केली ती दोन रविवारांच्या मधला वेळ कुठेतरी काढायला हवा म्हणून, असं माझं मत आहे. निवृत्त झाल्यावर तर सगळेच वार रविवार झाले.

या सगळ्यात सासूबाईंच्या वाट्याला डबा आला. तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं. त्यांच्या पुऱ्यांनी महाराष्ट्रातले बहुतेक किल्ले पाहिले, सासूबाईंनी एकही पाहिला नाही. लग्न नवं असताना एकदाच सासरे त्यांना बरोबर घेऊन गेले, तेही पायथ्याच्या देवळापर्यंत. तिथे "तुला झेपणार नाही" म्हणून त्यांना सगळ्यांच्या पिशव्यांपाशी बसवलं आणि मंडळी वर गेली. दुपारी डोंगराच्या टोकावरून "हर हर" अशी आरोळी आली आणि पाठोपाठ दहाबारा गळ्यांतून "महादेव". त्यातला आपल्या नवऱ्याचा आवाज कुठला, हे नव्या नवरीला काही ओळखू आलं नाही. उतरल्यावर त्यांनी विचारलं, "काय होतं हो वर?"

"काय असणार? दगड आणि वारा," सासरे म्हणाले.

पुढेही त्या जेव्हा जेव्हा विचारत, तेव्हा हेच उत्तर. मित्र चहाला आले की मात्र त्याच दगडांना आणि त्याच वाऱ्याला तीन तीन तास पुरत नसत.

हे सगळं मला सासूबाईंनी जर्मनीत, वाल्डॉर्फच्या आमच्या स्वयंपाकघरात सांगितलं. आम्ही दोघं नवराबायको तिथे सॉफ्टवेअरमध्ये होतो आणि सासूसासरे त्या वर्षी पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते. मी भांडी पुसत होते. त्या म्हणाल्या, "एकदा वर जाऊन बघायचंय गं मला. एकच. कुठलाही चालेल, मोडका असला तरी चालेल. पुण्याला गेल्यावर आता कोण नेणार? या वयात ते नेतील होय?"

मोडक्या किल्ल्यांची जर्मनीत ददात नाही. मी नवऱ्याला सांगितलं, त्याने "आल्झो" असं म्हणून जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. जर्मनीत काही वर्षं काढलेला माणूस आल्झो, म्हणजे 'तर मग', म्हणाला की समजावं, आता तासभर सुटका नाही. शेवटी त्याने श्वेबिशे आल्ब नावाच्या डोंगररांगेतला एक किल्ला काढला. गाडीने दोन तास, मग जंगलातून तासाभराची चाल, वाटेत बाकडी, वर कठडे. डोंगरवाटांच्या पुस्तकात त्या वाटेला 'सोपी, कुटुंबांसाठी' असं म्हटलं होतं. हे सासऱ्यांना सांगायचं नाही, असं आमचं ठरलं.

ऑक्टोबरातला रविवार होता. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. सासूबाईंनी पहाटे उठून पुऱ्या तळल्या, धुराचा अलार्म दोनदा वाजवला, आणि पाचवारी साडीवर माझा विंडचीटर अन् माझेच बूट चढवून सगळ्यांच्या आधी दाराशी उभ्या राहिल्या. सासऱ्यांनी पुण्याहून आणलेले कॅनव्हासचे बूट घातले. नवऱ्याने त्यांच्यासाठी चांगले जाड तळव्यांचे बूट आणून ठेवले होते, त्यांच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

पायथ्याशी गाडी लावली तिथूनच त्यांची कुरबुर सुरू झाली.

"किल्ल्याला पार्किंग?"

"बाबा, इथे सगळ्यालाच पार्किंग असतं."

"आणि ही कचरापेटी? हा किल्ला आहे की संभाजी बाग?"

शेजारून एक टोळकं खटखट काठ्या टेकत गेलं. त्या वर्षांत जर्मनीला दोन हातांत दोन काठ्या घेऊन चालायचा नाद लागला होता. सपाट रस्त्यावर, बागेत, पावाच्या दुकानात जातानासुद्धा काठ्या. सासरे त्यांच्याकडे बघत राहिले. "बर्फावर घसरायच्या पट्ट्या घरी विसरले वाटतं हे लोक," ते म्हणाले. त्या टोळक्यातली सर्वांत तरुण बाई सत्तरीची असावी आणि ती आमच्या दुप्पट वेगाने चालली होती.

जंगलात शिरलो. बीचची उंच झाडं, पानं पिवळी पडलेली, मधून मधून डोकावणारे पांढरे कडे. थोडं पुढे गेल्यावर सासूबाई माझ्या दंडाला धरून थबकल्या. एका बुंध्यावर लाल त्रिकोण रंगवला होता. पुढच्या वळणावर आणखी एक.

"अगं," त्या कुजबुजल्या, "इथे जंगलातसुद्धा कुटुंबनियोजन?"

मला हसू आवरेना. आपल्याकडे लाल त्रिकोण म्हणजे दवाखान्याची भिंत, बसची पाठ आणि त्यावरची हसरी जोडपी. त्यांच्या पिढीला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. नवऱ्याने गंभीरपणे समजावलं की ही वाटेची खूण आहे, त्रिकोण दिसत राहिले की आपण बरोबर चाललोय. "गेनाऊ," त्याने स्वतःलाच दुजोरा दिला. त्यानंतर सासूबाईंना त्रिकोण शोधायचं वेडच लागलं. "दिसला! तो बघा, तिथे!" दर त्रिकोणाला त्या असं काही हसायच्या की सासऱ्यांनाच लाज वाटली.

"खुणा बघत कोणी किल्ला चढतं का?" ते म्हणाले. "किल्ला वासावर चढायचा असतो." मग त्यांनी खिशातून घराची किल्ली काढून एका पांढऱ्या दगडावर ओढली. भुरभुर पीठ पडलं. "खडू! हा तर शाळेतला खडू आहे. यावर किल्ला बांधलाय? आपला काळा कातळ कुठे, अन् हे कुठे!"

खडूवरचा तो किल्ला कित्येक शतकं ऊनपाऊस खात वर उभा होता, पण हे त्यांना कोण सांगणार? माहेरचा कातळ तो माहेरचाच.

शेवटच्या चढाआधी एक बाकडं आहे. तिथून वाट डोंगराला वळसा घालत आरामात वर जाते आणि बाकड्याच्या डोक्यावर, सरळ वर, किल्ल्याचा पडका बुरूज दिसतो. आम्ही पाणी पीत होतो तेवढ्यात सासऱ्यांना दोन खडकांच्या मधली घळ दिसली आणि त्यांचे डोळे चमकले.

"ही बघा चोरवाट! ही सरळ बुरजाखाली निघणार. वळसा कशाला?"

"बाबा, ओलं आहे," नवरा म्हणाला.

"अरे, भर श्रावणात चढलोय मी!"

ते खोटं नव्हतं. पण ते चढले होते तो सह्याद्रीचा कातळ. तो खडबडीत, बोटाला बोट देणारा. ओला चुनखडक कोणाला ओळख देत नाही, त्यात वरून पानांचा थर. सासऱ्यांनी सवयीने पाय रोवला, दुसरा उचलला, आणि न्हाणीघरातल्या साबणासारखे सरसर खाली येऊन आमच्या पुढ्यात बसले. आधी कोणालाच हसावं की धावावं कळेना. मग त्यांचा चेहरा बघून धावलो. घोटा मुरगळला होता. मोडलं काही नव्हतं, पण पाय टेकवत नव्हता. विजारीच्या मागच्या बाजूला खडूचा पांढरा पट्टा उमटला होता.

त्यांना बाकड्यावर बसवलं. नवरा गाडीतली प्रथमोपचाराची पेटी आणायला खाली पळाला. ती गाडीत ठेवायची इथे सक्तीच आहे, आणि ती कधी एकदा उघडायला मिळते याची तो बहुधा वाटच बघत असावा.

सासरे पायाकडे बघत म्हणाले, "जाऊ दे. तो आला की परत जाऊ. तसंही वर काय असणार आहे?"

 सासूबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांना दिली, झाकण परत लावलं, पदर सारखा केला. मला त्यांच्याकडे बघवेना. आयुष्यात एक किल्ला मागितला होता, तो डोक्यावर दिसत होता, आणि तोही आता राहणार होता. मला सासऱ्यांचा असा राग आला की तो मुरगळलेला पाय मीच पुन्हा एकदा मुरगळावा असं वाटलं.

तेवढ्यात वाटेवरून एक म्हातारं जोडपं आलं. पुढे बाई, अर्धी चड्डी, काठ्या, उघड्या पोटऱ्या अशा की त्यांनी गाडीही ओढली असती. मागे धापा टाकत तिचा नवरा, पाठीवर भली मोठी सॅक. "ग्र्यूस गॉट," बाई म्हणाली. देवाचं नाव घेऊन करायचा हा तिकडचा नमस्कार. "राम राम," सासरे कण्हत म्हणाले. सासूबाई त्या बाईच्या पाठीकडे वळण येईपर्यंत बघत राहिल्या. डबा कोण वाहतंय, हेही त्यांनी नीट बघून घेतलं.

मग त्या उठल्या. डब्याची पिशवी उचलली आणि सासऱ्यांच्या मांडीवर ठेवली.

"अहो, पिशव्यांकडे लक्ष ठेवा. आम्ही आलोच."

"अगं, तुला झेप..." सासऱ्यांनी तोंड उघडलं, स्वतःच्या सुजलेल्या घोट्याकडे पाहिलं, आणि राहिलेले शब्द गिळून टाकले.

चढ फार नव्हता, पण सासूबाईंना धाप लागत होती. थांबायला सांगितलं की म्हणत, "पुढच्या त्रिकोणापाशी थांबू," आणि तिथे पोचलं की पुढचा दाखवत. साडी गुडघ्यापर्यंत खोचली होती. एका ठिकाणी दगडी पायऱ्या होत्या, त्या हाताने कठड्याला धरून एकेक करत चढल्या.  

दरवाजाची कमान शाबूत होती. आत गवत, पडक्या भिंती, आणि एका टोकाला बुरूज. तिथे मघाचं जोडपं पाव खात बसलं होतं. आम्ही कठड्यापाशी गेलो आणि खालचं सगळं एकदम दिसलं. पिवळ्या जंगलातून वर आलेले पांढरे शुभ्र कडे, दरीत लाल कौलांचं गाव, पलीकडे डोंगरावर आणखी एक मोडका किल्ला. वारा इतका की सासूबाईंचा पदर फडफडून माझ्या तोंडावर येत होता. त्यांनी तो आवरला नाही. दोन्ही हातांनी कठडा धरून उभ्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं वाऱ्याने. मग कळलं, माझ्याही डोळ्यांत आहे.

"इतकं असतं होय वर," त्या म्हणाल्या.

आणि मला काही कळायच्या आत त्यांनी श्वास घेतला, मान वर केली आणि घरात कधी मोठ्याने न बोललेली ती बाई त्या दरीवर ओरडली.

"हर हर!"

आरोळीला साथ द्यायची असते, हे मराठी माणसाला काय सांगायचं? पण मी जर्मनीत राहिलेली. रविवारी इथे भिंतीत खिळा ठोकत नाहीत, लोक बाटल्यासुद्धा कचऱ्यात टाकत नाहीत, आवाज होतो म्हणून. पाव खाणारं जोडपं आमच्याकडे बघत होतं. माझं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्यांची आरोळी दरीत नुसती एकटी गेली.

मग खालून, सरळ आमच्या पायांखालून, झाडांमधून आवाज आला. म्हातारा, चिरकलेला, पण पूर्ण छातीतून काढलेला.

"महादेव!"

सासूबाई वळून माझ्याकडे बघत राहिल्या. पाव खाणाऱ्या आजोबांनी बिअरची बाटली वर केली आणि "प्रोस्ट" म्हणाले.

आम्ही खाली आलो तेव्हा नवऱ्याने बापाच्या पायाला गुडघ्यापर्यंत पट्टी गुंडाळली होती. सासरे पिशव्या मांडीवर घेऊन ताठ बसले होते. डब्यातल्या निम्म्या पुऱ्या संपल्या होत्या. माणूस बदलतो, पण एका दिवसात इतकाही नाही.

"काय होतं गं वर?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी त्यांच्या मांडीवरचा डबा घेतला, झाकण लावलं.

"काय असणार? दगड आणि वारा."

 सासरे नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून गाडीपर्यंत लंगडत आले. किल्ला बाग आहे म्हणाले नाहीत, खडू म्हणाले नाहीत. श्टुटगार्टजवळ आम्ही तुंबलेल्या गाड्यांच्या रांगेत अडकलो. मागच्या सीटवर दोघं शेजारी, सासऱ्यांचा पाय सासूबाईंच्या मांडीवर. पुष्कळ वेळाने सासरे खालच्या आवाजात म्हणाले, "अगं, सांग ना." त्यांना 'ना' म्हणताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"तुमचा आवाज आला वर," त्या म्हणाल्या. "या वेळी ओळखला मी."

 सासऱ्यांनी नुसता पाय जरासा हलवला. सासूबाईंनी तो मांडीवर नीट सावरून घेतला, त्यावर पदर पांघरला, आणि पहिल्या लाल त्रिकोणापासून सांगायला सुरुवात केली.